अंधार मोजणारी शेवंती

१

दर सोमवारी सकाळी, पहिला तास सुरू व्हायच्या आत, मी कॉलेजच्या आवारात एक फेरी मारते. एकोणतीस झाडं आहेत. कुणाला पालवी फुटली, कुणाचा मोहर गळला, काटेसावरीची बोंडं कधी उकलली, हे वहीत लिहायचं. सतरा वर्षं लिहितेय. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, लग्न केलं नाही, नाशिकरोडला आईबरोबर राहते. मुलं माझ्यामागे मला 'पानगळ मॅडम' म्हणतात, तेही ठाऊक आहे.

या वह्यांनी मला एक खोड लावली. झाडानं काही भलतं केलं की आधी तारीख लिहायची, मग कारण शोधायचं. कारण सापडतंच. अवकाळी पाऊस असतो, लांबलेली थंडी असते, नाहीतर कुणीतरी मुळाशी काहीतरी ओतलेलं असतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मंजुषाचा फोन आला. सहा वर्षांपूर्वीची माझी विद्यार्थिनी, वर्गातली सगळ्यात चौकस. लग्न होऊन मातोरीच्या बाजूला पिंगळ्यांच्या मळ्यात गेली. नवरा कुंदन आणि सासरे गोटीराम, एवढंच घर. गुलाब, झेंडू आणि शेवंती पिकवायची आणि पहाटे फुलबाजारात न्यायची.

"मॅडम, शेवंतीला कळी आलीय."

"मे महिन्यात?"

"म्हणून तर फोन केला. आणि सगळीकडे नाही. एकाच वाफ्यात."

शेवंतीचं एक आहे. तिला थंडी कळत नाही, पाऊस कळत नाही. ती अंधार मोजते. रात्र बारा तासांच्या जवळ पोचली की तिच्या शेंड्यात कळी धरते, म्हणून ती दसरा-दिवाळीला फुलते. मेमधली आपली रात्र जेमतेम अकरा तासांची. त्यात कळी धरायला कुणीतरी तिला रोज तास-दोन तास जास्तीचा अंधार द्यायला हवा. काही शेतकरी काळं कापड टाकून तसं करतात.

"कापड टाकता का तुम्ही?"

"नाही हो मॅडम. उघडा वाफा आहे. तुम्ही एकदा बघायला या."

२

मी दुपारी तीनला पोचले. ऊन असं होतं की स्कूटीच्या आरशाकडे बघवत नव्हतं.

गोटीराम पिंगळे ओट्यावर बसले होते. साठीला आलेले, हाडापेरानं काटक, बोलणं संथ. सगळे त्यांना नानाच म्हणत. त्यांनी स्वतः उठून मला तांब्याभर पाणी दिलं.

"मॅडम, मी म्हणलं हिला, कशाला त्यांना उन्हाचं बोलावती? उद्या ट्रॅक्टरचा रोटर फिरवून वाफा मोडून टाकतो. झाड येडं झालंय, दुसरं काय."

वाफा घरापासून शंभर पावलांवर होता. बांधाला एक मोठी चिंच, तिच्या अर्ध्या फांद्या वाफ्यावर, अर्ध्या घराच्या बाजूला. तिच्या बुंध्याला दोन काळे बोकड बांधलेले, एकाच वेताचे जुळे. एकमेकांच्या मानेवर मान टाकून रवंथ करत होते.

कळ्या खऱ्या होत्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, हिरव्या, घट्ट, प्रत्येक शेंड्याला. मी बसून मोजायला लागले. कुंदन पलीकडे पाण्याची नळी सरळ करत होता. तिशीचा, हसरा गडी. "मॅडम, आमच्या शेवंतीला परीक्षेला बसवता का?" असं काहीतरी म्हणाला आणि मी हसले.

तेवढ्यात माझ्या कानाशी रातकिडा वाजला.

मग दुसरा. मग वाफाभर, एका दमात, दिवेलागणीला सुरू होतात तसे. मी घड्याळ बघितलं. तीन वाजून बावीस मिनिटं. घराकडून कोंबड्या येत होत्या, एकामागे एक, घाई न करता. त्या चिंचेवर चढल्या, वाफ्याकडच्या फांदीवर ओळीनं बसल्या आणि त्यांनी माना पंखात घातल्या.

"रोज असंच करतात," मंजुषा हळूच म्हणाली. "पंधरा दिवस झाले. मॅडम, पानं बघा."

मी चिंचेकडे पाहिलं. चिंच संध्याकाळी पानं मिटते, हे मी दर वर्षी शिकवते. घराच्या बाजूच्या फांद्यांवर पानं उघडी होती, उन्हात चमकत होती. वाफ्यावर आलेल्या फांद्यांची पानं मिटलेली होती. एकच झाड, अर्धं जागं, अर्धं झोपलेलं, आणि मधली रेघ बरोबर बांधावरून गेलेली.

मी वहीत तारीख लिहिली. मग कारणं लिहिली: जमिनीतला ओलावा, मुळांना रोग, फवारणी. एकाही कारणात कोंबड्या बसत नव्हत्या.

पर्समध्ये माझे दोन लॉगर होते, बोटाएवढी यंत्रं, दर दहा मिनिटांनी उजेड आणि तापमान नोंदवणारी. एक वाफ्यात काठीला बांधला, दुसरा ओट्याजवळ.

"नाना, रोटर मारू नका. मला आठ दिवस द्या."

नाना वाफ्याकडे बघत राहिले. "मला तिथं बरं नाय वाटत, मॅडम. सकाळी काय नाय होत. पण दुपारच्याला तिथं गेलं का डोक्यात कायतरी चढतं. काल ह्या पोराला मी शिवी दिली. जन्मात दिली नव्हती."

"उन्हाचं होतं तसं," मी म्हणाले.

ते मास्तरीणबाईंचं ऐकणारे होते. ऐकलं त्यांनी.

३

चौथ्या दिवशी मंजुषाचा पुन्हा फोन. तीन कोंबड्या मेल्या. बाकीच्यांनीच टोचून मारल्या, पोटापर्यंत पोकळ करून. मी म्हणाले, गर्दी झाली, क्षार कमी पडले की कोंबड्या असं करतात. हे पुस्तकात आहे. तरी मी निघाले.

पोचले तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. वाफ्याकडून आवाज येत होता. टक्. मग थोडी शांतता. टक्. लाकडं फोडताना येतो तसा, पण आतून ओला.

बोकडांनी दावी तोडली होती. दोघं वाफ्याच्या मधोमध होते. दहा-बारा पावलं मागे सरायचे, मागच्या पायांवर उभे राहायचे आणि डोकी आपटायचे. बोकड झुंजतात, माजावर आले की हमखास. पण झुंजीत एक जण मागे हटतो. यांच्यातला कुणी हटत नव्हता. एकाचं शिंग मुळापासून उपटून कातडीला लोंबत होतं आणि तो त्याच बाजूनं धडका देत होता. कुंदन काठी घेऊन बांधावर उभा होता. नानांनी त्याला दंडाला धरून ठेवलं होतं.

पाचव्या की सहाव्या धडकेला एकाचं कपाळ फुटलं. तो गुडघ्यांवर आला आणि कुशीवर पडला. दुसरा मागे सरला, उभा राहिला आणि पडलेल्याला त्यानं धडक दिली. पुन्हा मागे गेला. पुन्हा दिली. डोकं डोक्यासारखं राहिलं नाही तरी देत राहिला.

शेवटी नाना दोर घेऊन आत गेले. फास टाकून त्याला ओढायला लागले तर तो वळला आणि त्याचं शिंग नानांच्या मांडीत घुसलं. नानांच्या तोंडून हूं की चूं आलं नाही. त्यांनी त्याला शिंगासकट तसंच ओढत बांधापलीकडे आणलं.

आणि बांध ओलांडल्याबरोबर बोकड थरथरला. बाळासारखा ओरडला. नानांच्या मांडीवरचं रक्त हुंगलं, मग चिंचेखालच्या रिकाम्या जागेकडे गेला, जिथे त्याचा भाऊ बसायचा, आणि तिथे उभा राहून हाका मारायला लागला.

मंजुषानं नानांच्या मांडीला फडकं गुंडाळलं. सातवा महिना होता तिचा, वाकताना धाप लागत होती. ती मला म्हणाली, "मॅडम, मोडून टाकू या हा वाफा."

"चारच दिवस राहिलेत," मी म्हणाले. "लॉगर तर बघू दे."

ही वाक्यं मी लपवत नाही. मला दुसरं काही सुचलंच नव्हतं असंही नाही. मला जाणून घ्यायचं होतं, एवढंच.

घरी येऊन आईनं वाढलेलं ताट तसंच ठेवून मी आकडे उतरवून घेतले. ओट्याजवळच्या लॉगरवर जो असतो तो मे महिना होता: सकाळी सहाला उजेड, दुपारी डोळे दिपतील एवढा, सातच्या सुमाराला शून्य. वाफ्यातल्या लॉगरवर सकाळ तशीच. दुपार तशीच. मग तीन वाजून वीस मिनिटांना शून्य. कमी होत होत नव्हे, एकदम. आणि ते शून्य थेट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. चारही दिवस.

म्हणजे शेवंती चुकली नव्हती. तिला साडेचौदा तासांचा अंधार मिळत होता.

तापमानाचा रकाना त्याहून विचित्र होता. मेमधली दुपार चढते, संध्याकाळ उतरते, पहाट गार होते. वाफ्यात तीन वीसपासून पहाटेपर्यंत एकच आकडा: सदतीस पूर्णांक सहा. दर दहा मिनिटांनी. सदतीस पूर्णांक सहा.

यंत्र बिघडलं असणार, असं मी लिहिलं. खाली दोनदा रेघ मारली.

४

दुसऱ्या दिवशी यंत्रांची अदलाबदल केली. बिघाड असेल तर तो यंत्राबरोबर ओट्यावर जाईल. दोन दिवसांनी बघितलं, बिघाड वाफ्यातच होता.

मग मी स्वतः बसायचं ठरवलं. तीन वाजता पाट घेऊन वाफ्यात गेले. कळ्या उकलायला लागल्या होत्या, आतून पांढऱ्या पाकळ्या डोकावत होत्या. चटके बसत होते. मानेवरून घाम ओघळत होता. मी घड्याळाकडे बघत राहिले.

तीन वीसला काहीच झालं नाही. ऊन होतं तसंच होतं, झाडं स्पष्ट दिसत होती. रातकिडे लागले. मला हसू आलं. मग लक्षात आलं की मानेला चटका बसत नाही. ऊन दिसत होतं, लागत नव्हतं. हवा कोंदट आणि ऊबदार झाली होती, रजईखाली असते तशी. वास येत होता, ओल्या पिसांचा म्हणावा तसा.

फोटो काढावा म्हणून फोन समोर धरला. पडदा काळा. भिंगावर बोट आलं असेल म्हणून पुसलं. काळाच. बटण दाबलं तेव्हा फोननं आपणहून फ्लॅश मारला. फोटोत पुढची दोन-तीन रोपं पांढरीफटक दिसत होती आणि त्यांच्यामागे काही नव्हतं. चिंच नव्हती, घर नव्हतं. फक्त फांदीच्या उंचीवर कोंबड्यांच्या डोळ्यांचे ठिपके.

मी मान वर केली. चिंच होती. घर होतं. निळं आकाश होतं.

डोळा जे दाखवतो ते मेंदू जुळवतो, हे मी शिकवते. जे असायला हवं ते तो भरून घेतो. तिथे बसून मला पहिल्यांदा वाटलं की या वाफ्यात खरं काय आहे हे सगळ्यांना कळलंय. शेवंतीला, कोंबड्यांना, चिंचेला. एक मलाच दाखवलं जात नाहीये.

"मॅडम, चहा." मंजुषा बांधावर उभी होती.

तिचा आवाज मला सहन झाला नाही. कशामुळे ते सांगता येत नाही. साधी हाक होती, पण दातांच्या मुळांशी सुई टोचावी तशी लागली. ती बांध उतरून आत आली, कप खाली ठेवायला वाकली. पदर सरकला आणि तिची मान उघडी पडली. माझ्या हातात खुरपं होतं. ते कधी उचललं ते आठवत नाही. मान किती जवळ आहे, मी एवढंच बघत होते. घाव कानाच्या खाली घालायचा की मागून, हे मी अगदी शांतपणे ठरवत होते.

"मॅडम?"

मी तिला ढकललं. ती बांधावर आदळली, मी तिच्या मागोमाग धावत बाहेर पडले आणि बाहेर येताच ऊन अंगावर कोसळलं. खुरपं मुठीत एवढं घट्ट होतं की ते काढायला तिला माझी बोटं एकेक करून उघडावी लागली.

नानांना मी म्हणाले, "उद्या सकाळी रोटर मारा. सकाळीच. दुपारी तिकडे कुणी फिरकायचं नाही."

नाना मांडी चोळत होते.

"तेव्हा म्हणत होतो, मॅडम. तेव्हा नुसती कळी होती. आता फूल आलं. फुलावर रोटर कसा घालू? आमच्यात नाय घालत. दोन दिवसांत तोडून घेतो, मग तुम्ही म्हणाल तसं."

"सकाळीच तोडा."

"सकाळीच," कुंदन म्हणाला. "तुम्ही नका काळजी करू."

५

गुरुवारी पावणेचारला फोन वाजला. मंजुषा म्हणाली, "बायका आल्या नाहीत तोडायला. हे दोघंच तोडत होते. थोडंच राहिलं म्हणाले. मॅडम, तीन वीस होऊन गेले."

नाशिकरोडवरून मातोरी. मी कशी गेले ते आठवत नाही. सव्वाचार होऊन गेले होते.

आवाज लांबूनच ऐकू आला. टक्.

तोडलेल्या फुलांची क्रेट उपडी पडली होती. पांढऱ्या फुलांत बापलेक गुडघ्यांवर समोरासमोर होते. हातांनी त्यांनी एकमेकांचे खांदे धरले होते, मारायला नव्हे, नेम धरायला. मान मागे न्यायचे आणि कपाळ कपाळावर आणायचे. शिव्या नाहीत, ओरडणं नाही. विळे बाजूला पडले होते, त्यांना कुणी हात लावला नव्हता. दोघांच्या भुवयांचं मांस उलून खाली आलं होतं. नानांचं नाक नव्हतंच. कुंदनच्या तोंडातून दात आणि लाळ गळत होती आणि तो पुन्हा मान मागे नेत होता.

टक्.

मंजुषा बांधावर उभी राहून किंचाळत होती. ती आत झेप घेणार तोच मी तिला कमरेला धरलं. तिनं माझ्या मनगटाचा चावा घेतला. मी सोडलं नाही.

नानांची मान मागे गेली ती पुढे आली नाही. ते कलंडले. कुंदननं त्यांना कॉलरला धरून उचललं, ते पुन्हा बसते होतील म्हणून वाट पाहिल्यासारखा क्षणभर थांबला, आणि ते बसत नाहीत असं दिसल्यावर खाली वाकून आपटायला लागला.

मी मंजुषाला चिंचेच्या बुंध्याशी ढकललं आणि बोकडाचा तुटका दोर घेऊन आत गेले. श्वास रोखला होता, जणू काही श्वासातून ते आत शिरतं. कुंदनच्या पायाला दोर गुंडाळला आणि ओढलं. तो पोटावर पडला. वळला. माझी वेणी धरून त्यानं मला खाली खेचलं आणि आमची तोंडं समोरासमोर आली.

त्याच्या डोळ्यांना रक्त लागलं नव्हतं. भर उन्हात डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी व्हायला हवी. त्याची बाहुली अख्खा डोळा व्यापून बसली होती, अमावस्येला मांजराची होते तशी. त्या काळ्यात मला माझं तोंड दिसलं. माझ्या तोंडामागे आकाश असायला हवं होतं.

नव्हतं. माझ्या पाठीपासून हातभर वर काहीतरी होतं. वाफ्याच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत. ते पोटाकडून दिसत होतं आणि सावकाश खाली येत होतं, मग वर जात होतं. खुडूक कोंबडी अंड्यांवर अंग सैल करून पुन्हा बसते, तसं.

सदतीस पूर्णांक सहा कुणाच्या अंगाखाली असतं, ते मला तेव्हा आठवलं.

मी वर पाहिलं नाही. तेवढं एकच शहाणपण मी त्या महिन्यात केलं. दोर दोन्ही हातांना गुंडाळला आणि कुंदनला ओढत, त्याचे हात माझ्या अंगावर चालत असताना, बांधापलीकडे घेऊन पडले.

तो पाठीवर उताणा होता. उन्हानं त्याचे डोळे मिटले. उघडले तेव्हा बाहुल्या बारीक झाल्या होत्या. त्यानं कपाळाला हात लावला, हाताकडे बघितलं. मग मंजुषाला म्हणाला, "नाना कुठे आहेत? एवढं ऊन झालंय, त्यांना म्हणावं पुरे आता."

६

पोलिसांनी बापलेकांचं जमिनीवरून भांडण असं लिहिलं. दुसरं काय लिहिणार? कुणी म्हणालं औषध फवारलं असेल, त्यानं डोकं फिरतं. मी लॉगरचे आकडे दाखवले. साहेब भले होते, दोन पानं उलटून त्यांनी मला परत दिली आणि पाणी प्यायला लावलं.

कुंदन जेलमध्ये आहे. तो सगळं कबूल करतो, कारण सगळे सांगतात की त्यानंच केलं. त्याला स्वतःला शेवटचं आठवतं ते नाना म्हणाले होते ते, "आता दोन सऱ्या राहिल्या."

वाफा मंजुषानंच मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात मयत असताना, तिनं ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं आणि रोटर उभा-आडवा फिरेपर्यंत बांधावर उभी राहिली. मातीत काही निघालं नाही. मग ती पिंपळगाव बसवंतला माहेरी गेली.

मी जूनच्या मध्यावर तिला भेटायला गेले. तिच्या आईनं मला आत बोलावलं, पण बस म्हणाली नाही. मंजुषा कॉटवर बसली होती.

"नाना पहिल्याच दिवशी मोडणार होते," मी म्हणाले. "मी थांबवलं."

"मला माहितीय. मी तिथंच होते."

"मला वाटलं होतं..."

"मॅडम, त्या गुरुवारी तुम्ही वहीत काय लिहिलंत?"

तिनं मान वर केली. तिला माझी खोड माहीत होती.

"लिहिलंत ना?"

"लिहिलं."

"काय?"

मी घरी येऊन, हाताला पट्टी बांधलेली असताना, तारीख घातली होती. वेळ घातली होती. त्याखाली लिहिलं होतं: नर दोन, वयं अंदाजे साठ व एकतीस.

मी ते तिला सांगितलं. खोटं सांगता आलं असतं. ती रडली नाही. उठली, पोटाला हात लावून दारापर्यंत आली आणि मी बाहेर पडेपर्यंत दार धरून उभी राहिली.

७

यंदा पाऊस लांबला. जून संपत आला तरी ऊन होतंच. मी दर दोन दिवसांनी दुपारी मातोरीच्या बाजूला जायला लागले. पिंगळ्यांच्या मोडलेल्या वाफ्यात तीन वीसला काही होत नव्हतं. रातकिडे नाहीत, चिंचेची पानं दोन्ही बाजूंनी उघडी. मी लॉगर लावले होते, ते आता नेहमीच्या दिवसाचेच आकडे दाखवत होते. संपलं, असं मी स्वतःला सांगत होते, पण विश्वास बसत नव्हता. अंडी उबवणारं जनावर उठवून लावलं तर ते उबवायचं सोडत नाही. जागा बदलतं.

अठ्ठावीस जूनला परतताना, दोन किलोमीटर अलीकडे, रस्त्याला लागून एक जांभळाचं झाड दिसलं. त्याच्या रस्त्याकडच्या फांद्यांवर साळुंक्या कलकलत होत्या. शेताकडच्या फांदीवर आठ कोंबड्या माना पंखात घालून बसल्या होत्या. खाली शेवंती होती, तिला दाणादाणा कळी. आणि वाफ्यात एक बाई, तिचा नवरा आणि म्हातारी सासू, तिघं खुरपत होती. एकमेकांपासून हाताच्या अंतरावर. तिघांच्या हातात खुरपी.

"बाहेर या!" मी ओरडले. "ए बाई, बाहेर या सगळे!"

तिघांनी माझ्याकडे बघितलं. कुणी उठलं नाही. नवरा म्हणाला, "कोण पाहिजे?" पण आवाजात विचारणं नव्हतं.

मी बांध ओलांडला आणि शेवंती उपटायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी, मुळासकट, एकेक रोप उपटून बांधाबाहेर फेकत. त्यांचा राग माझ्यावर यावा, एकमेकांवर जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं. आलाही. नवऱ्यानं बांधावरची काठी उचलली; पहिला फटका पाठीवर बसला, दुसरा कानशिलावर. म्हातारीनं माझ्या पोटरीत खुरपं मारलं. मी उपटत राहिले. तोंडात माती गेली, पाला गेला. पडले तर आडवी पडून उपटलं.

नंतर सगळं मागेपुढे झालंय. रस्त्यावरच्या टेम्पोवाल्यांनी आम्हाला चौघांना बाहेर ओढलं असं सांगतात. अर्धा वाफा मी मोडला होता. उरलेला त्या माणसानं दुसऱ्या दिवशी सकाळी चिडून स्वतःच नांगरला. त्या घरात कुणी मेलं नाही. हे मला धरून ठेवायला हवं, आणि मी धरून ठेवते.

पण पहिली काही रोपं मी शुद्धीत उपटली, त्यापुढचं मला सांगता येत नाही. मला आठवतं ते असं: ऊन लागत नव्हतं. ती बाई रोपं वाचवायला आडवी आली. तिचे केस माझ्या मुठीत होते. मी तिचं डोकं उचलत होते आणि खाली आणत होते, बांधाच्या दगडावर, आणि मला फार बरं वाटत होतं.

तिचं नाव उज्ज्वला. अकरा टाके पडले. मला चालता यायला लागल्यावर मी सिव्हिलमध्ये तिच्या कॉटपाशी गेले. तिनं मला ओळखलं आणि भिंतीकडे सरकली. मग सुजलेल्या ओठांनी तिनं विचारलं,

"बाई, मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

मी म्हणाले, "काही नाही."